पीटीचा राहिलेला तास

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून तो दिला असणार. मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी एक व्याख्यान येतंच. मला पळण्यावर बोलू द्या. फोनवर थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “तू? कधीपासून?”

म्हणून आधीच खुलासा करते. मी मॅरेथॉन पळलेली नाही. माझ्याकडे पदक नाही. पाच किलोमीटरला मला चाळीस मिनिटं लागतात, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. शाळेनंतर पळणं सुटलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी परत सुरू झालं, आणि तेही एकटीने नाही, नवऱ्याबरोबर. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. या शाळेचा तो विद्यार्थी नाही, जावई आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल काही जास्त बोलले, तर त्याला तुम्हीच सांभाळून घ्या.

मघाशी आपण दोन मिनिटं उभे राहिलो. १९९५ च्या आपल्या दहावीच्या बॅचचे तिघे आज नाहीत. त्यातले दोघे हृदयविकाराने गेले, पन्नाशीच्या आत. त्यांच्या फोटोंना हार घातलेले बघताना तुमच्या मनात जे आलं, तेच माझ्याही आलं. आपण सगळे आता त्याच वयात आहोत. आजच्या बोलण्याचं कारण तेवढंच आहे.

आमच्या घरी कारण एका कागदावर आलं. नवऱ्याच्या बँकेत वार्षिक तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीए१सी चाचणी असते, तिचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, अजून गोळी नको, पण हालचाल हवी. आपल्या उपखंडातल्या लोकांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावरही मधुमेह गाठतो, त्यामुळे ‘मी काही जाड नाही’ हे उत्तर आपल्याला चालत नाही.

माझ्याकडे असा कागद नव्हता, पण कारण होतं. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. कोविडच्या काळात पुण्याहून सोलापूरला परत आलो आणि घरून काम सुरू झालं. मग ऑफिसला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमागे पळणंही संपलं. शिवाय भारतीय बायकांची पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी जाते, आणि त्यानंतर हाडांची झीज वाढते. हाडांना भार लागतो, आणि खुर्चीत बसून तो मिळत नाही. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण पार्लरमध्येसुद्धा एकमेकींना सांगत नाही, म्हणून इथे माईकवरून सांगतेय.

आता जरा मागे जाते. नववीत आपल्या क्रीडामहोत्सवात मी ८०० मीटर पळले होते. दुसरी आले होते. सरांना आठवत नसेल, पण मला त्यांची शिट्टी आठवते. दहावीत पीटीचा तास गणिताला गेला. मी यात कुणाला दोष देत नाही. त्या काळी घरोघरी आणि शाळाशाळांत हेच होत होतं, आणि गणिताचा मला फायदाच झाला. पण एक फरक होता. मुलांचा पीटीचा तास गेला, तरी संध्याकाळी ती पार्क मैदानावर क्रिकेट खेळत होती. आम्हा मुलींचा तास गेला तो गेलाच. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी बसमागे सोडून एकदाही पळले नाही.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली १९२८ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिलं की हे अंतर बायकांना झेपत नाही. शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. मध्ये बत्तीस वर्षं गेली. बायकांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये आली १९८४ ला, म्हणजे आपण चार-पाच वर्षांचे असताना. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तिच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई कोण? ललिता बाबर, २०१६, रिओ, ३००० मीटर स्टीपलचेस. माण तालुक्यातल्या मोही गावची. माण म्हणजे आपल्या माळशिरसला लागून. १९८४ ते २०१६, पुन्हा बत्तीस वर्षं. आम्हा संगणकवाल्यांना बत्तीस हा आकडा फार प्रिय, पण इथे तो बघून बरं वाटत नाही.

तर आम्ही सुरू कसं केलं ते सांगते, कारण मधल्या सुट्टीत चौघांनी तेच विचारलं.

पहिलं काम, डॉक्टर. चाळिशीनंतर, आणि घरात हृदयविकार असेल तर नक्कीच, आधी तपासून घ्या. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबायचं आणि दाखवायचं. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ हे वाक्य आपल्या पिढीला फार महागात पडलंय.

दुसरं, पद्धत. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये न पळणाऱ्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम लिहिला. जगभरातल्या लाखो लोकांनी तो वापरलाय. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद हळू पळायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. हिशेब केलात तर त्यात पळणं जेमतेम आठ मिनिटं. हळूहळू चालणं कमी आणि पळणं जास्त होत जातं, आणि शेवटी माणूस सलग अर्धा तास पळतो. आम्हाला नऊ नाही, चौदा आठवडे लागले. काही आठवडे दोनदा केले. त्याने काही बिघडत नाही.

वेग किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त. एवढंच मोजमाप पुरतं, घड्याळाची गरज नाही.

घाई का करायची नाही, तेही सांगते. दम लवकर सुधारतो. चार-सहा आठवड्यांत वाटायला लागतं की आता आपल्याला जमलं. पण कंडरा आणि हाडं मागून येतात, त्यांना महिने लागतात. दुखापती होतात त्या या मधल्या काळात. आपल्याला हे सोलापुरात वेगळं शिकवायला नको. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी माणसं आधी कित्येक दिवस सराव करतात. संक्रांतीला एकदम येऊन कुणी काठी उचलत नाही. आमच्या कामातही एक शिस्त आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं. पळण्यातही तसंच. वेळ वाढवली तर वेग वाढवायचा नाही.

आमच्या जावईबापूंना हे पटायला जरा वेळ लागला. ते कॉलेजमध्ये फास्ट बोलर होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांना ते आठवलं. नडगी दुखायला लागली आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं. दोष बुटांना दिला गेला. (तिसऱ्या रांगेतून हात वर झालाय, पण माईक माझ्याकडे आहे.)

तिथे खरा प्रश्न आला. नवरा-बायकोने बरोबर पळायचं म्हणजे नेमकं काय? त्याचा वेग वेगळा, माझा वेगळा. तो माझ्याबरोबर पळाला तर त्याला रखडल्यासारखं होतं. मी त्याच्याबरोबर पळाले तर मला धाप लागते. बरीच जोडपी इथेच थांबतात. एक जण पुढे निघून जातो, दुसरा म्हणतो, तूच जा, मी चहा ठेवते. ‘ठेवते’ असंच म्हणतात, ‘ठेवतो’ क्वचितच.

आम्ही त्यावर तोडगा काढला तो असा. अंतर मोजायचं नाही, वेळ मोजायची. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीच्या फाटकापासून दोघं एकदम निघतो. पंधरा मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून मागे वळतो. मी वळते तेव्हा तो माझ्या चारशे मीटर पुढे असतो. आपापला वेग सांभाळला तर फाटकाशी दोघं एकाच वेळी पोचतो. थांबणारं कुणी नाही, मागे राहिलेलंही कुणी नाही. हे गणित सातवीचं आहे, पण आमच्या घरातली निम्मी भांडणं त्याने मिटली. आठवड्यातला एक दिवस मात्र गप्पा मारत पळायचा, माझ्या वेगाने. त्या दिवशी कंबर तलावापर्यंत जातो. मुलाची दहावी, आईंच्या औषधांचा खर्च, घराचा हप्ता, हे विषय घरात निघाले की आवाज चढतो. पळताना चढवायला दमच नसतो.

दुसरा नियम, मागितल्याशिवाय सल्ला नाही. ‘हात असे ठेव, पाऊल असं टाक’ हे बंद. तिसरा नियम, एकाला जमलं नाही म्हणून दुसऱ्याने सुट्टी घ्यायची नाही. नळाला पाणी यायचा दिवस हा एकच अपवाद. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून पळायला गेलो असं सांगितलं, तर सोलापुरात कुणी जेवायला घालणार नाही.

आता जरा अवघड भाग. नवऱ्याने पूर्वीही दोनदा फिरायला जाणं सुरू केलं होतं. तेव्हा घरातलं काहीच बदललं नव्हतं. मी निघाले तेव्हा प्रश्न उभा राहिला, पोळ्यांचा. सकाळी साडेपाच ते साडेसहा हा तास आमच्या घरात माझ्या नावावर लिहिलेला होता: डबा, दूध, आईंचा चहा. पळायला शूज लागतात, ते दुकानात मिळतात. बाईला पळायला तास लागतो, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “दोघं एकदम गेलात तर दूध कोण घेणार?” आठवड्याने त्याच म्हणाल्या, “जा तुम्ही, मी घेते.” भाजी नवरा रात्री चिरून ठेवतो. आठवड्यातून एक दिवस डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. मुलगा म्हणतो, आईच्या पळण्याचा हाच एक फायदा.

आणि रस्ता. नवरा सोबत असताना मला कुणी काही विचारलं नाही. फार तर टपरीवरचे काका म्हणायचे, “काय वो मॅडम, बस चुकली काय?” मग तो ट्रेनिंगला पंधरा दिवस बेंगळुरूला गेला. नियमाप्रमाणे मी निघाले. पहिल्या दिवशी तीन जणांनी विचारलं, “एकट्याच? साहेब कुठं?” दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकल शेजारी येऊन हळू झाली आणि बराच वेळ तशीच राहिली. मी एका दूधवाल्यापाशी जाऊन थांबले, तेव्हा ती गेली. घरी येऊन विचार केला. पळणं थांबवलं नाही. वेळ बदलली, उजाडल्यावर निघू लागले, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: सकाळी सव्वासहाला फाटकाशी, चालायला किंवा पळायला, कुणी येणार का? दोघी आल्या. आज आम्ही सहा जणी आहोत. त्यातल्या दोघी पळत नाहीत, चालतात, आणि आमच्यापेक्षा नियमित आहेत.

म्हणून मी बायकांना सांगते, सुरुवातीला नवऱ्याची सोबत जरूर घ्या. पण आपलं पळणं त्या सोबतीवर टांगून ठेवू नका. सोबतीने सुरू झालेली गोष्ट एकटीने करता आली, की ती आपली झाली.

बाई म्हणून पळायला आपल्या मातीत जागाच नाही, असंही मी मानत नाही. आपल्याच जिल्ह्यात, आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, तेव्हा वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना तिथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी त्यामागची श्रद्धा. त्या उतारावर हजारो माणसं पळतात. साठ-सत्तरीच्या बायका नऊवारीत, डोक्यावर तुळस सांभाळत पळतात. कुणी थांबवत नाही, कुणी विचारत नाही की बाई, या वयात का पळताय, एकट्याच का. कुणाला वेळ विचारत नाहीत, नंबर विचारत नाहीत. त्याच बायका वर्षाचे बाकीचे दिवस आपल्या गावातल्या रस्त्यावर पळाल्या तर लोक बघत राहतील. तो एक दिवस त्यांना मिळतो, तर एक तास आपल्याला रोज मिळायला हरकत नसावी.

फायदा काय झाला, हेही विचारलंत. दहा महिन्यांनी नवऱ्याचा तो आकडा ५.८ आला. त्या काळात त्याचा भातही कमी झाला होता आणि रात्रीचं जेवण लवकर झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देणार नाही. पळताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, एवढं नक्की. मला रात्री झोप लागते. जिना चढून आल्यावर फोन घेतला तर समोरचा ‘काय झालं?’ असं विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम किंवा पंचाहत्तर मिनिटं जोराचा. म्हणजे आपल्या शाळेचे पस्तीस मिनिटांचे चार-पाच तास. तेवढं वेळापत्रक आपण पूर्वी पाळलेलं आहे.

शेवटी एक विनंती, आणि त्यासाठीच मी विषय बदलून घेतला.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवलाय. वर्गांना डिजिटल फळे द्यायचा प्रस्ताव आहे. मी त्या क्षेत्रातली आहे, तरी म्हणते, एखादा फळा कमी द्या. निधीतला काही भाग मैदानाला द्या. मैदान सपाट करून घेऊ, कडेने पळायला पट्टा आखू, मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला एक खोली बांधू. ही खोली नसल्यामुळे किती मुली खेळायच्या थांबतात, हे इथल्या बायकांना सांगायला नको. आणि मुख्याध्यापक बाईंना आपण सगळ्यांनी मिळून एक पत्र देऊ, की नववी-दहावीच्या मुलींचा पीटीचा तास गणिताला, विज्ञानाला किंवा सराव परीक्षेला जाऊ नये. त्या पत्राचा मसुदा मी आणलाय. सह्यांचा कागद जेवणाच्या टेबलाशी ठेवलाय, जिलबीच्या शेजारी, मुद्दाम. आमच्या गणिताच्या सरांनी त्यावर पहिली सही केली, हे सांगायला मला फार आनंद होतो.

उद्या रविवार आहे. गड्ड्याला अजून अवकाश आहे, होम मैदान मोकळं आहे. सकाळी सव्वासहाला आम्ही दोघं तिथे असू. साठ सेकंद पळू, नव्वद सेकंद चालू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नुसतं चालायला या. पीटीच्या सरांना मी शिट्टी आणायला सांगितलंय, आणि ते हो म्हणालेत.

तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत, आता जरा उभे राहा.